मामंजींचा बिनमटणाचा टोस

माझे सासरे सुभेदार म्हणून पेन्शनीत आले तेव्हा मिलिटरीतून एक काळी ट्रंक घेऊन आले, भल्या पहाटे उठून सगळ्यांना उठवायची खोड घेऊन आले आणि टोस घेऊन आले. ट्रंक माळ्यावर गेली. खोडीला घर सरावलं. टोस मात्र माझ्या गळ्यात पडला, कारण मी नवी सून होते आणि नव्या सुनेच्या गळ्यात काहीही घालता येतं.

टोस म्हणजे काय ते आधी सांगते. दोन चौकोनी लोखंडी पत्रे, एका बाजूनं बिजागरीनं जोडलेले आणि दुसऱ्या बाजूला हातभर लांब दांडे. आत पावाचा एक काप ठेवायचा, त्यावर खिमा पसरायचा, वर दुसरा काप ठेवायचा, चिमटा मिटायचा आणि चुलीतल्या निखाऱ्यावर धरायचा. दोन्ही अंगांनी खरपूस झाला की बशीत काढायचा. मामंजी त्याला ‘ब्रेकफास’ म्हणत. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या चिमट्याला ‘माजी सवत’ म्हणत आणि त्याला हात लावत नसत.

चौसष्ट साली लग्न होऊन मी त्या घरात आले. माहेर जतकडचं, कोरडवाहू मुलुख, मेंढरं आणि ज्वारी. सासर कृष्णेकाठचं, सांगलीहून एसटीनं तासाभराचं, घरासमोर बांधाला टेकून ऊस. आमच्या माहेरी पाव फक्त आजाऱ्याला आणत. ताप आला की दुधात बुडवून दोन घास. त्यामुळं पहिल्या आयतवारी सहा फुटी माणूस मांडी घालून पाव खाताना बघितला आणि मी आत्याबाईंना हळूच विचारलं, “मामंजींना काय होतंय?” त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. “मिलट्री झालीया त्येंला,” म्हणाल्या. “आता काय उतरत न्हाई.”

पाव सांगलीहून यायचा. एसटीचा कंडक्टर ओळखीचा होता, तो शनिवारच्या शेवटच्या गाडीनं कागदात गुंडाळून आणायचा. आयतवारी सकाळी गावात बकरं पडायचं. मामंजी स्वतः जाऊन मांस निवडून आणायचे आणि स्वतः पाटावर बसून सुरीनं खिमा करायचे. त्या वेळात लढाईच्या गोष्टी सांगायचे. ते मोठ्या लढाईत होते, समुद्रापलीकडं, वाळवंटात. पण त्यांच्या लढाईच्या गोष्टीत कधी कोणी मेलं नाही. सगळे फक्त जेवत असत.

मी त्यांच्याशी थेट बोलत नव्हते. आमच्यात तशी रीतच नव्हती. ते तीन हातांवर बसलेले असायचे, मी चुलीपुढं पदर ओढून. तरी ते आत्याबाईंना सांगायचे, “सांग तिला, तिखाट कमी हाय.” आत्याबाई मला सांगायच्या, “तिखाट कमी हाय म्हणत्यात.” मी आत्याबाईंना सांगायचे, “पुढच्या खेपेला घालते म्हणावं.” आत्याबाई हे सगळं जसंच्या तसं पुढं न्यायच्या, कंटाळा न करता.

चिमट्याची एक शिस्त होती. त्याला पाणी लावायचं नाही. “हत्याराला पानी लावतं का कुनी?” असं मामंजींचं म्हणणं. काम झालं की चरबीच्या बोळ्यानं आतून-बाहेरून पुसायचा आणि खुंटीला टांगायचा. वापरायच्या आधी पुन्हा एकदा बोळा फिरवायचा, म्हणजे पाव चिकटत नाही. चरबीचा डबा गोठ्यातल्या कोनाड्यात असायचा. त्याच डब्यातली चरबी गाडीच्या कण्याला, मोटेच्या चामड्याला आणि मामंजींच्या पायताणाला लागायची. तो डबा म्हणजे माझ्या लेखी बैल, गाडी, दावी या वर्गातली वस्तू होती. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं याच डब्यानं माझा जीव खाल्ला.

ज्यांच्याशी माझं लग्न झालं ते, म्हणजे हे, तेही मिलिटरीत. मामंजींना हे आबा म्हणत; त्यांनीच भरती केलेले. लग्नानंतर महिनाभर राहिले, मग गेले. पुढच्या सालच्या उन्हाळ्यात पुन्हा महिनाभर आले आणि गेले. दोन महिन्यांत आमचं बोलणं झालं ते मोजकंच, तेही माजघरात कोणी नसताना. खरं सांगते, हे गेले की दोन-चार आठवड्यांत मला त्यांचा चेहरा नीट आठवायचा नाही. कान आठवायचे, हसताना दिसणारा एक वाकडा दात आठवायचा, पण सगळा चेहरा एका वेळी समोर यायचा नाही. त्याची मला फार भीती वाटायची.

पासष्टच्या पावसाळ्याच्या शेवटाला सरहद्दीवर लढाई लागली. पंचायतीच्या रेडिओवर मामंजींनी ऐकलं. घरी आले, अंगणात उभे राहिले. मग तसेच कृष्णेवर गेले, अंघोळ केली आणि ओलेत्यानं देवीच्या देवळात जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा धोतरातून पाणी गळत होतं.

“बोलून आलो,” ते आत्याबाईंना म्हणाले. “पोरगं सुखरूप घरी येईस्तोवर मटान-मासळीला शिवनार न्हाई. आलं की बकरं दीन म्हनलं.”

म्हणजे मटण सोडायचं ते पुढच्या मटणाच्या बोलीवर. पण हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. तेव्हा मला मामंजींच्या पायाशी लोळण घ्यावीशी वाटली. या माणसानं माझ्या कुंकवासाठी जिभेवर पाणी सोडलं, आणि याची जीभ काय होती ते मला ठाऊक होतं.

नवस एकट्याचा होता, पण हुकूम सगळ्या घराला लागू झाला. आत्याबाईंनी सुकटाचं मडकं शेजारी देऊन टाकलं. मग अंड्यावरून वाद झाला. मामंजींचं म्हणणं, “अंड्याला हाडूक न्हाई, रगत न्हाई, त्ये कसलं मटान?” आत्याबाई म्हणाल्या, “कोंबडीखाली ठिवा आन बगा पाय फुटत्यात का न्हाई.” अंडं गेलं. पावसाची रानात अळंबी उगवली होती, ती मी टोपलीभर आणली. आत्याबाईंनी ती अंगणातच अडवली. “वास बगितलास का? रानातलं मटानच हाय त्ये.” अळंबीही गेली. मामंजींना वाटलं की आता टोसही जाणार. ते ताठ बसून म्हणाले, “टोस न्हाई सुटायचा. टोस पावाचा असतोय. आत काय भरायचं त्ये तिनं बगावं.”

तिनं म्हणजे मी.

पहिल्या आयतवारी बटाट्याची भाजी भरली. मामंजींनी एक घास घेतला आणि आत्याबाईंना विचारलं, “कुनाचं लगीन हाय?” दुसऱ्या आयतवारी मटकीची उसळ भरली. चिमटा उघडल्याबरोबर मटकी टणाटण चुलीत उडाली आणि उरलेली मामंजींच्या मिशीत अडकली. वांग्याचं भरीत भरलं, आमच्या काठाची वांगी, लोण्यासारखी. ते म्हणाले, “चव हाय. पर चावायचं काय?” झुणका भरला तर पाव आणि झुणका दोन्ही घशात बसले आणि तांब्याभर पाणी प्यायले. सुरण भरला तेव्हा मी चिंच घालायची विसरले. तो सबंध दिवस मामंजी जीभ बाहेर काढून ओट्यावर बसून होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटत होतं की म्हातारा पोराच्या काळजीनं खुळावला.

शेवटी मी शेजारच्या काकूंकडं गेले. त्या माळकरी घरातल्या, जन्मात मटणाचा वास घेतला नव्हता. म्हटलं, यांना ठाऊक असेल. त्यांनी मला चार भाज्या शिकवल्या, सगळ्या कांदा-लसणाशिवाय. मामंजींनी त्या चारही खाऊन सांगितलं, “ही देवाला दावायची भाजी हाय. सुभेदाराला न्हाई.” पण काकूंच्या चुलीवर एकदा हरभऱ्याची डाळ भिजत पडलेली बघितली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. घरी येऊन डाळ भिजवली, पाट्यावर भरड वाटली, तेलात कांदा, लसूण, सुकं खोबरं आणि घरचं काळं तिखट घालून परतली. परतत राहिले, परतत राहिले. डाळ मोकळी झाली, करडी झाली, दाण्यादाण्याला तेल सुटलं. ती पावात भरून भाजली.

मामंजींनी घास घेतला. चावला. डोळे मिटले. दुसरा घेतला. मग सगळा टोस संपवून ते म्हणाले, “सांग तिला, आसं करत जा.” आत्याबाईंनी मला सांगितलं, “आसं करत जा म्हणत्यात,” आणि वर स्वतःचं एक वाक्य घातलं, “जिंकलीस गं.”

काकूंनाही चव दिली. त्यांनी चिमूटभर खाऊन विचारलं, “मटान आसंच लागतं व्हय?” मी म्हटलं, “अगदी आसंच.” त्यांनी आणखी एक चिमूट घेतली, मग एकदम दचकल्या आणि तोंड धुवायला पळाल्या.

तर अशा रीतीनं आमचा नवस झोकात चालला होता. फक्त पत्र येत नव्हतं.

लढाई थांबल्याचं रेडिओनं सांगितलं, तरी पत्र नाही. पलीकडच्या गावात एका घरी तार आली. त्या घरातली सून माझ्याच वयाची. आमच्या दारावरून पोस्टमन सायकल न थांबवता गेला की आत्याबाई म्हणायच्या, “बरं झालं,” आणि संध्याकाळपर्यंत जेवायच्या नाहीत. मामंजी साताऱ्याला जाऊन आले, त्यांच्या वेळच्या एका पेन्शनर साहेबाकडं. साहेबांनी चहा दिला आणि धीर धरा म्हणाले. मामंजी मला धीर कसा देणार, मधे आत्याबाई होत्या. त्यांनी आत्याबाईंना सांगितलं, “सांग तिला, पत्राला येळ लागतोय.” आत्याबाईंनी तेवढं एकच वाक्य कधी पुढं आणलं नाही.

त्या आयतवारी सकाळी मी चिमटा पुसायला गोठ्यात गेले तर डब्याला बूड दिसत होतं. आत येऊन म्हटलं, “आत्याबाई, डबा सपला.”

“मग खाटकाकडनं चरबी आन की वाईच,” त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या. आणि थापायच्या थांबल्या. माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं. तव्यावरची भाकरी जळून धूर निघाला तरी आम्ही दोघी जागच्या हललो नाही.

बकऱ्याची चरबी. दर आयतवारी, दोन्ही पत्र्यांना, आतून, मी माझ्या हातानं चोळत होते. पावाला लागून खरपूस होत होती ती तीच. गाडीच्या कण्याची चरबी म्हणून तिच्याकडं कधी खाणं म्हणून बघितलंच नव्हतं. देवीपुढं माझ्या नवऱ्याच्या जिवासाठी शब्द दिला होता आणि मी तो दर आठवड्याला निखाऱ्यावर भाजत होते.

“त्येंला कळता कामा न्हाई,” आत्याबाई कुजबुजल्या. चिमटा राखेनं आणि चिंचेनं घासला. पाणी लावलं, हत्याराचं काय व्हायचं ते होवो. लोणी लावून डाळीचा टोस केला आणि आत्याबाईंनी तो मामंजींपुढं ठेवला.

त्यांनी घास घेतला आणि थांबले. टोस बशीत ठेवला. मीठ कमी म्हणाले नाहीत, तिखट जास्त म्हणाले नाहीत. बशीकडं बघत बसले.

मला राहवलं नाही. “मामंजी,” मी म्हटलं, आणि घरात जणू भांडं पडलं. आत्याबाईंनी माझा हात धरला, मी सोडवून घेतला. “मामंजी, आजवर चिमट्याला बकऱ्याची चरबी लावत हुते मी. ध्यानातच आलं न्हाई. नवस मोडला. माज्या हातनं मोडला.”

ते वर बघेनात. तसेच म्हणाले, “तुज्या हातनं न्हाई मोडला.”

“आवं, ती सांगतीया न्हवं का...” आत्याबाई म्हणाल्या.

“मला पयल्याच दिशी कळलं हुतं,” मामंजी म्हणाले. “बटाट्याचा टोस हुता, तवाच. तोंडात घातल्याबरुबर. म्हनलं, पोरीला ठावं न्हाई, हिला ठावं न्हाई, देवीला कोन सांगाय जातंय? गप बसलो.” त्यांची हनुवटी हलायला लागली. “लढाई लागल्यापासनं आयतवारची वाट बगतोय मी. तुमी पत्राची बगताय. मी ह्येची बगत हुतो.”

आत्याबाई उठल्या. त्यांनी नवऱ्यावर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. “सुभेदार म्हनं! चरबीच्या वासावर पोरगं इकलंसा!” त्या ओरडल्या आणि रडत रडत गोठ्यात गेल्या. रिकामा डबा त्यांनी उकिरड्यावर भिरकावला तो आवाज आम्हाला आत ऐकू आला.

मामंजी पुन्हा कृष्णेवर गेले. पुन्हा ओलेत्यानं देवीपुढं उभे राहिले, या खेपेला कान धरून. गावानं बघितलं आणि गावाला वाटलं, काय म्हाताऱ्याची भक्ती! मी चुलीपुढं बसून एकच गोष्ट घोकत होते की यांना काही झालं असेल तर ते माझ्या बोळ्यानं झालं. कोणी मला समजावलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते.

चौथ्या दिवशी पोस्टमनची सायकल दारात थांबली. मिलिटरीच्या पोष्टाचं पत्र, यांचं अक्षर. मी सातवी शिकलेली, म्हणून वाचायला माझ्याकडंच आलं. ‘मी खुशाल आहे. काळजी नसावी. रजा मिळण्यास उशीर लागेल.’ एवढंच. आत्याबाईंनी ते कपाळाला लावलं, मग माझ्या कपाळाला लावलं, मग आम्ही दोघी गळ्यात पडून रडलो. मामंजी भिंतीकडं तोंड करून उभे होते.

मग मी तारीख बघितली. पत्र वाटेत कुठंतरी रखडलं होतं. लिहिलेलं होतं ते आमच्या भर चरबीच्या दिवसांत. मी ती तारीख मोठ्यानं वाचली.

आत्याबाईंनी डोळे पुसले, विचार केला आणि म्हणाल्या, “म्हंजी देवीनं चालवून घेतलं. बकरं चालतंय तिला, मग चरबी का चालू नये?” इतकं साधं शास्त्र मी पुढं कुणाकडून ऐकलं नाही. मामंजींनी मात्र त्याचा फायदा घेतला नाही. चिमट्याला लोणीच लागत राहिलं, हे मला त्यांच्याबद्दल सांगितलं पाहिजे.

चरबी गेली आणि माझ्या डाळीचं पितळ उघडं पडलं. मी जिंकले होते ते बकऱ्याच्या जोरावर. नुसत्या लोण्यावर ती डाळ म्हणजे डाळच लागायची. मी इरेला पेटले. अख्खी थंडी त्या डाळीमागं घातली. कमी वाटली, जास्त वाटली, वाफवून घेतली, खसखस भाजून घातली, कांदा काळा होईस्तोवर परतला, लोखंडी कढईत झाकून ठेवला म्हणजे रंग चढतो हे शोधून काढलं. बघणाऱ्याला वाटावं खिमा, चावणाऱ्याला वाटावं खिमा. यात माझाही एक डाव होता. हे येतील तेव्हा मी दोन महिन्यांची बायको राहणार नव्हते. माझ्या हातचं काहीतरी असणार होतं, जे यांना तिथं कुठंच मिळालं नसेल. संक्रांतीच्या सुमाराला मामंजी एक टोस संपवून म्हणाले, आता थेट माझ्याशीच, कारण त्या दिवसापासून आत्याबाईंची मधली नोकरी सुटली होती: “पोरी, डोळं झाकून खाल्ला काय आन उगडून खाल्ला काय, खिमाच हाय ह्यो.” मी तो शब्द आठवडाभर मिरवला.

थंडी सरता सरता हे आले. सकाळच्या एसटीनं, खांद्यावर वळकटी. मी दाराआडून बघितलं. दोन हात, दोन पाय, दोन डोळे, आणि हसले तेव्हा तो वाकडा दात. सगळं जिथल्या तिथं होतं. मला इतका आनंद झाला की मी माजघरात जाऊन तोंडात पदर कोंबला.

बोलत कमी होते. विचारलं की उत्तर द्यायचे, मग गप्प. आत्याबाई म्हणाल्या, “दमलाय.” मीही तेच म्हटलं. चार दिवसांनी देवीला बकरं दिलं. सगळी भावकी जेवायला, अंगणात पंगत, मोठ्या पातेल्यात रटरटणारा रस्सा. ज्याच्यासाठी नवस केला त्यानं पहिला घास घ्यायचा आणि मग बाकीच्यांनी, अशी आमच्याकडची रीत. मामंजी सहा महिन्यांचे उपाशी, पाटावर नवरदेवागत बसलेले. “घे रं,” ते म्हणाले.

यांनी घास घेतला. चावला नाही, गिळला. मग उठले आणि गोठ्यामागं गेले. पंगतीत कोणीतरी म्हणालं, “बिस्कुटं खाऊन खाऊन प्वॉट बारीक झालंय गड्याचं!” आणि सगळे हसले आणि जेवायला लागले.

मी पाण्याचा तांब्या घेऊन मागं गेले. हे उकिरड्याशी वाकून ओकत होते. चूळ भरली, तोंड पुसलं. मग म्हणाले, “आबांस्नी सांगू नगंस. तिथं आसाच वास हुता गं. माणसं जळाल्याली. चार दिस त्या वासातच बसून हुतो आमी.”

मी तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांच्या हातावर ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन टोस केले. मामंजींचा उरलेल्या मटणाचा, खराखुरा, त्यांच्या हातानं केलेल्या खिम्याचा. यांचा माझ्या डाळीचा. मनात म्हटलं, मटण नाही तर नाही, माझी विद्या आहे. बशी यांच्यापुढं ठेवली आणि पहिल्यांदाच त्यांच्यासमोर उभी राहून बघत राहिले.

यांनी टोस हातात घेतला. खाण्याआधी पावाचे दोन काप अलगद उघडले. आत बघितलं.

“डाळ हाय,” मी घाईनं म्हटलं. “देवाशप्पत. मटणाचा कण न्हाई.”

“व्हय. वासानं कळतंय,” हे म्हणाले. पण नजर आतच होती. मग त्यांनी काप पुन्हा मिटले, बशी हळूच माझ्याकडं सारली आणि खाली बघून विचारलं, “नुसता पाव हाय का?”

नुसता पाव होता. तो त्यांनी चहात बुडवून खाल्ला, आजाऱ्यासारखा, आणि नदीकडं निघून गेले. मी अख्खी थंडी घालून डाळीला जे रूप दिलं होतं, नेमकं तेच रूप त्यांना बघवत नव्हतं. मला माझा राग आला, यांचा आला, डाळीचा आला. मी बशी उचलायला वाकले आणि तिथंच रडायला लागले.

“पोरी, हितं बस,” मामंजी ओट्यावरून म्हणाले. त्यांच्या हातात त्यांचा टोस होता, एक घास घेतलेला. त्यांनी सगळं बघितलं होतं, आणि काल गोठ्यामागचंही त्यांना कळलं असावं. मी पदर सावरून पायरीवर बसले.

“मी बी लढाईवर हुतो,” ते म्हणाले. “चार वरसं. रणगाडं जळायची, आत माणसं असायची. वारा आमच्याकडंच यायचा. ह्यो म्हनतोय त्योच वास.” त्यांनी हातातल्या टोसाकडं बघितलं. “आन सांजच्याला खिमा आसायचा. मी दोनदा मागून घ्यायचो. बाकीचं काईजन उठून जायचं, मी त्येंचंबी खायाचो.”

“मला कसं गं ग्वाड लागायचं?” त्यांनी विचारलं.

ते खरंच विचारत होते. माझ्याकडं बघून उत्तराची वाट बघत होते. मग त्यांनी तोंड फिरवलं आणि हातातला टोस खायला लागले. तो संपेपर्यंत मी पायरीवर बसून राहिले.